तीन नंबरची राखण

"शून्य," मी म्हणाले.

वनपाल गायधने साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "पुन्हा शून्य?"

"पुन्हा."

"चौथा आठवडा आहे, भोयर मॅडम. एक नंबरला तीस, दोन नंबरला सव्वीस, चार नंबरला एकोणीस. तुमच्या तीन नंबरवर चितळांनी काय उपास धरला आहे?"

उत्तर मलाच माहीत नव्हतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील. मी वनरक्षक होते, नोकरीचं तिसरं वर्ष. जांभूळडोह नावाचं एक गाव जंगलातून उठून बावीस किलोमीटरवर डांबरी रस्त्याला वसलं होतं. गाव गेलं, वावरं जागेवर राहिली. नांगर थांबला तशी ती तरोट्याने भरून गेली. तरोटा कोवळा असताना माणसं त्याची भाजी करतात, पण हरीण त्याला तोंड लावत नाही. तेव्हा खात्याने ठरवलं की तरोटा उपटायचा, त्या जागी मारवेल आणि पवन्या या चांगल्या गवतांचं बी पेरायचं आणि हरणांसाठी कुरण करायचं. जुन्या वावरांतून चार प्लॉट आखले, पावसाळ्याच्या तोंडावर पेरणी झाली. सहा डिसेंबरला वरचे साहेब येऊन मोजणी करणार होते. ज्या प्लॉटवर हरणं दिसणार नाहीत त्याचं काम बंद, तो परत तरोट्याच्या स्वाधीन.

"बारा लिहा," गायधने म्हणाले. "तेरा लिहा. चितळं काय हजेरीपटावर सही करायला येणार आहेत?"

"सहा तारखेला साहेब स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहेत ना सर."

"तोवर तरी आमचं डोकं शांत राहील की."

मला खोटा आकडा लिहिता येत नाही. यात सद्गुण वगैरे काही नाही, ती एक खोडच आहे. लहानपणी लपंडावात माझ्यावर राज्य आलं की मी शंभरपर्यंत खरोखर मोजायची, आणि डोळे उघडेपर्यंत बाकीची पोरं आपापल्या घरी जेवायला बसलेली असायची. मी रजिस्टरमध्ये शून्यच लिहिलं. गायधने साहेबांनी ते वाचलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मग त्या म्हाताऱ्याला तरी नारळ द्या. बसून बसून करतो काय तो तिथं?"

तो म्हातारा म्हणजे दसरू सिडाम. तीन नंबरच्या प्लॉटचा राखणदार. तो प्लॉट मुळात त्याचंच वावर होतं, आणि जांभूळडोहातून सगळ्यात शेवटी सामान हललं तेही त्याचंच. तरोटा उपटायला मजूर हवे होते तेव्हा तो पहिल्याच दिवशी येऊन उभा राहिला. पेरणी झाल्यावर प्रत्येक प्लॉटला एक राखणदार नेमला, कारण सीमेवरच्या गावांची गुरं आत शिरायची. नेमणूक गायधने साहेबांनी जीपमधूनच केली. चौघांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "कुरणाची नीट राखण करा. एक पान वाया जाता कामा नये." मी शेजारीच उभी होते. मला त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही.

दसरूबाबांचं वय साठच्या पुढे. अंगाने काटकुळे, पण चालायला लागले की मला धापा टाकायला लावायचे. बाकीचे तिघे राखणदार अर्ध्या कोसावरच्या संरक्षण कुटीत राहायचे. हे आठवडाभर तिथे राहिले आणि मग वावराच्या कडेच्या मोहाच्या झाडावर स्वतःच्या हाताने मचाण बांधून तिकडे गेले. जुनं मचाणही त्याच फांद्यांवर होतं म्हणे.

"बाबाजी, वाघ फिरतो इथे," मी बजावलं होतं.

"थ्याचं काम थो करते, माझं काम मी करतो," ते म्हणाले.

घरी आपसांत ते गोंडी बोलत, आमच्याशी मात्र झाडीतली मराठी. कामाला का आलात, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कामावर नसलं तं जंगलाच्या गेटवर नाव पुसतेत, मॅडम. कोन हाव, कायले जाता. माह्याच वावरात जाले मी कोनाले का सांगू? कामावर हाव म्हनलं का सोडतेत." तेवढ्यासाठीच ते आले होते. हे त्यांनी लपवलंही नाही.

मी कॅम्पवरून सहा किलोमीटर चालत आठच्या सुमाराला तीन नंबरवर पोचायची. गवत कमरेइतकं, दाट, तुरे धरलेलं. चारही प्लॉटांत असं गवत दुसरं नव्हतं. पण आत लेंडी नाही, खूर नाही, कुठे एक काडी तोडलेली नाही. आणि नवल म्हणजे पलीकडे, नाल्याच्या त्या बाजूला उंबराखाली, चितळांच्या लेंड्यांचा सडा पडलेला. म्हणजे रोज नाल्यापर्यंत यायची आणि तिथून परत जायची. बिबट्या असेल का, कुणी फासे लावले असतील का, बियाण्यालाच काही वास असेल का, सगळं बघून झालं.

"बाबाजी, हरणं दिसतात का तुम्हाला?"

"रोज दिसतेत."

"मग आत का येत नाहीत?"

"कशी येतीन?" ते म्हणाले आणि जरा ताठ बसले.

मला वाटलं, म्हातारा हताश झाला आहे. बिचाऱ्याचं वावर, तिथेच हरीण येईना. त्यांचं मन रमवायला मी जुन्या गोष्टी विचारायची. ते रंगून सांगायचे. कोणत्या साली कळपाने अर्धी तूर एका पहाटेत संपवली, कोणत्या साली रोही, म्हणजे नीलगायी, धुऱ्याच्या बांधावरून उड्या मारत आले. "एक कानफाट्या होता," ते म्हणायचे, "म्हातारा नर. डावा कान मधातून चिरलेला. लय हुशार. बाकीचे आवाजाले भेत, थो मोहाकडं पाहे. मी झाडावर हाव का नाई थे पाहे, अन् मंगच पाय टाके." सांगताना त्यांच्या तोंडावर जुन्या शेजाऱ्याची आठवण निघाल्यासारखं हसू यायचं.

नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला मी वेगळं केलं. रात्री कुटीत मुक्काम केला आणि फटफटायच्या आत नाल्यानेच, खालच्या अंगाने, उंबरापाशी गेले. कुणाला सांगितलं नव्हतं. एका दगडाआड बसले. थोड्या वेळाने चितळं आली. मी मोजायला लागले, बावीस झाली. पुढची मादी नाल्यात उतरली, पलीकडे चढली, गवताच्या कडेला उभी राहिली आणि तिने मान पुढे केली. माझा जीव फुलपाखरासारखा हलका झाला. पेन्सिल काढली.

आणि मोहावर पत्र्याचा डबा वाजला.

"हुर्रेऽऽ! हाऽऽल्याऽऽ! हो मांगं! हो मांगं!"

गोफणीचा दगड नाल्याच्या पाण्यात धपकन पडला. कळपाने शीळ घातल्यासारखा ओरडा केला आणि बावीसच्या बावीस चितळं बघता बघता झाडीत गडप झाली. मचाणावर दसरूबाबा उभे होते, हातात गोफण, आणि काय तो आवाज! इतके दिवस माझ्याशी हळू बोलणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे हे मला खरंच वाटेना.

मी गवतातून वाट काढत मोहाखाली गेले. मी संतापले होते.

"खाली उतरा!"

ते उतरले. मला एवढ्या पहाटे बघून त्यांना आनंदच झाला. "लवकर आल्या आज? पाह्यलं का? पार उंबराच्या तिकडं पळवले."

"बाबाजी, तुम्हाला इथे कशासाठी ठेवलंय?"

"राखनीसाठी."

"कशाच्या?"

"वावराच्या."

"आणि कोणापासून राखायचं ते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या पोरीला बरं नाही बहुतेक. "आता वावर कोनापासून राखतेत, मॅडम? हरनापासून."

मला हसावं की रडावं कळेना. मी धुऱ्यावर बसले. ते समोर उकिडवे बसले. मी त्यांना पहिलीच्या पोराला समजवावं तसं समजावलं. हे पीक माणसांसाठी नाही, हरणांसाठीच आहे. त्यांनी यावं म्हणूनच पेरलंय. गुरं हाकलायची, हरणं नाहीत.

"थे मले मालूम हाय," ते शांतपणे म्हणाले.

"मालूम आहे? मग हाकलता कशाला?"

"अजून झालं नाई म्हनून. तुरे आले, बी भरून राह्यलं. आठ दिसांत पिकन, मंग जमिनीवर पडन. मंग खाऊ द्या ना. कोन नाई म्हनते? पन कच्चं काऊन खाऊ घालाचं? पावन्याले जेवाले बोलावलं तं कोनी अर्ध्या कच्च्यावर पाट मांडते का?"

मी त्यांच्या मागच्या भरलेल्या तुऱ्यांकडे बघितलं.

"एक नंबर पाह्यला का तुमी?" त्यांनी विचारलं.

"रोज पाहते. तीस चितळं असतात."

"चितळं पाह्यली तुमी. गवत पाह्यलं का?"

त्याच दिवशी दुपारी मी एक नंबरवर गेले आणि पहिल्यांदा हरणांऐवजी जमिनीकडे बघितलं. गवत नव्हतंच. कोवळं असतानाच ओढून मुळासकट संपवलेलं, बी धरायला ते उरलंच नव्हतं. उघड्या मातीवर चितळं उभी होती, खुरट्या काड्या कुरतडत होती आणि त्यांच्या पायांत तरोट्याच्या वाळक्या शेंगा फुटत होत्या. पुढच्या पावसाळ्यात तिथे काय उगवणार हे सांगायला वनरक्षक लागत नव्हता. दोन आणि चार नंबरची तीच गत. ज्या आकड्यांवर गायधने साहेब खूष होते ते आकडे खरे होते, पण तीच तर पंचाईत होती.

त्या आठवड्याच्या रजिस्टरमध्ये मी शून्य लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'गवत बियाण्यावर आहे.' हे खोटं नव्हतं. अख्खं खरंही नव्हतं.

"सहा तारखेच्या आत तुमचे पाहुणे जेवायला बसले पाहिजेत," मी दसरूबाबांना सांगितलं. "नाहीतर प्लॉट बंद. खातं इकडे परत बघणार नाही. सगळा तरोटा."

तरोटा म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. "दोन तारखेले बी पडन," ते म्हणाले. "मंग डबा वाजवत नाई."

बोलले तसं केलं. दोन तारखेला त्यांनी मूठभर तुरे चोळून मला दाखवले, बी तळहातावर सुटं झालं. डबा खाली ठेवला, गोफण कमरेला गुंडाळली. तीन तारखेच्या पहाटे मी उंबरापाशी दडून बसले, ते मचाणावर मुकाट बसले. चितळं आली, नाल्यापर्यंत आली आणि थांबली. सगळ्या माना एका बाजूला वळल्या. मोहाकडे. बराच वेळ नुसती उभी राहिली आणि परत फिरली.

"तुम्ही हाललात का?" मी विचारलं.

"श्वासबी हळू घेतला."

चार तारखेला पुन्हा तेच. या वेळी ते मचाणावर नव्हते, कुटीत झोपायला गेले होते. पण मचाण होतं, त्यावर त्यांचं घोंगडं होतं, पायवाटेला त्यांचा वास होता. पुढच्या मादीने नाल्यात एक पाय टाकला, मोहाकडे बघितलं आणि पाय काढून घेतला.

त्या सकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर बसलो होतो. एका बाजूला त्यांचं कमरेइतकं गवत, पिवळं पडत चाललेलं. मोजणीला दोन दिवस.

"डब्याले नाई भेत थे," ते म्हणाले. "मले भेतेत."

"तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली होती, बाबाजी."

"तीन वर्सं गेलो, पन परत येऊन पाच महिने हाकललं. त्याईले का वाटलं असन? आला वापस म्हातारा." ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. "मचान आहे तवर वावर बंद हाय, मॅडम. आमच्यात असंच राह्यते. पीक निंघालं का राखनदार मचान सोडते, धुऱ्यानं एक फेरा मारते अन् मोकळं हाय म्हनून हाक देते. मंग कोनाचं ढोर शिरलं तरी कोनी बोलत नाई. मचान उभं हाय अन् म्हनाचं या जेवाले, थे कसं येतीन?"

पुढचं मला दिसत होतं.

"मी गेलो अन् थे आले, तं कुरन पास होते?"

"होईल."

"मंग राखनदार लागते का?"

हो म्हणायला माझी जीभ वळली असती तर बरं झालं असतं. "नाही लागणार, बाबाजी. हरणं चरायला लागली की तीन नंबरला माणूस ठेवणार नाहीत."

"म्हंजे गेटवर..."

"नाही सोडणार."

ते उठले. धुऱ्याने थोडं पुढे गेले, परत आले. एका जागी वाकून माती हातात घेतली, बघितली, टाकली. मला वाटलं, नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. एका माणसाला आपल्या वावरात बसायला मिळावं म्हणून एक प्लॉट तरोट्यात गेला असता तर जग बुडालं नसतं.

"लय मेहनतीचं गवत हाय," ते म्हणाले. "वाया नाई जाव."

मचाण त्यांनी स्वतः सोडवलं. मी मदतीला गेले तर हातानेच थांबवलं. दोर एकेक करून सोडले, गुंडाळले. बल्ल्या एकेक करून खाली आणल्या आणि नाल्याच्या खालच्या अंगाला दूर नेऊन टाकल्या. घोंगडं खांद्यावर घेतलं. मग ते धुऱ्यावरून चालायला लागले. मी मोहाखालीच उभी राहिले. चारी धुरे फिरून झाले आणि उंबराच्या कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी हाक दिली.

"मोकळं हाय होऽऽ! मोकळं हाय!"

गाव होतं तेव्हा ही हाक गुराखी ऐकायचे. आता ऐकायला मीच होते. मी पाठ फिरवून रजिस्टर उघडल्याचं सोंग केलं.

पाच तारखेची पहाट मी मुद्दाम तिकडे फिरकले नाही. सहाला साहेब आले. आम्ही नाल्याच्या खालच्या वळणावर बसलो. उजाडलं, चितळं उंबराखाली आली आणि थांबली नाहीत. सरळ चढून गवतात शिरली. त्रेचाळीस. आकडा मी दोनदा मोजला, साहेबांनी एकदा. गवतात फक्त पाठी दिसत होत्या आणि तोडल्याचा आवाज येत होता. साहेब गायधन्यांना म्हणाले, "असं कुरण बाकीच्या तिन्ही प्लॉटांवर का नाही?" गायधने माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. पुढच्या वर्षीपासून चारही प्लॉट बी पडेपर्यंत बंद ठेवायचे असं ठरलं. आणि तीन नंबरच्या राखणदाराच्या रकान्यात 'आवश्यकता नाही' असं लिहिलं गेलं. ते अक्षर माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी मोपेडवरून नव्या जांभूळडोहला गेले. एका रांगेत सारखी घरं, दारांवर नंबर रंगवलेले. दसरूबाबा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. सुनेने चहा आणून ठेवला.

"आले?"

"आले. त्रेचाळीस."

आकड्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "कोनत्या बाजूनं?"

"उंबराकडून."

"तिथूनच येतेत लेकाचे. मी तिथंच तं बसो डोळे लावून." दोराला पीळ बसत होता. "खाल्लं का?"

"दोन तास. दोन-चार तर आतच बसली."

"अन्..." त्यांचे हात थांबले. "मोहाकडं पाह्यत होते का कोनी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक पाहत होता, बाबाजी. म्हातारा नर. डावा कान फाटलेला."

ते एकटक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते.

"मॅडम, कानफाट्याले पेरनीच्या वक्ती वाघानं नेलं. थो चिरलेला कान मीच पाह्यला नाल्यात." त्यांनी डोळे पुसले. "तुमी खोटं मोजत नाई म्हनत होते ना सारे?"

मी मान खाली घातली.

"आता खरं सांगा. किती पाह्यत होते?"

"एकही नाही."

"एकबी नाई?"

"नाही, बाबाजी. सगळी मान खाली घालून खात होती."

ते रस्त्याकडे बघत बसले. एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसली. चहावर साय धरली.

"मंग झालं," ते म्हणाले. "वावर मोकळं झालं."

आणि त्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला.